खेकड्याची कुळी

धारवाडजवळच्या भातखाचरातील खेकडा उताणा केला, की छातीवर दुमडलेले उदर दिसते. नराचे अरुंद, मादीचे रुंद. त्याच्या आडोशाला ती अंडी वागविते व त्यांतून थेट इवले खेकडेच निघतात. उदर उचलताच तिच्या छातीच्या कवचावर जननरंध्रांची जोडी आढळते. अरबी समुद्राच्या खोल पाण्यातील होमोला कुळाच्या मादीत मात्र ही रंध्रे कोळंबीप्रमाणे पायांच्या मुळाशी असतात; नराचे बीज साठविणारी पिशवी छातीच्या दोन पट्ट्यांच्या सांध्यात, अगदी वेगळीच! पाठीचा आकार फसवा. १९७७ साली फ्रेंच विदुषी दानिएल गिनो यांनी खेकड्यांचे गोत्र या रंध्रांवरून लाविले. त्यात धारवाडचा खेकडा मधल्या गटात बसतो: मादीची रंध्रे छातीवर आली, नराची अजून पायांच्या मुळाशीच आहेत.