लोडरसाठी ट्रॅक्टर घेताना



मुळशी असो वा पुरंदर,
शेणखत भरायला, मुरूम पसरायला ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवतात.
दोन ट्रॅक्टर पसंत पडले, तर घ्यायचा कोणता?

नुसती हॉर्सपॉवर पाहू नका.
आधी पुढचा अ‍ॅक्सल पाहा.
भरलेल्या बकेटचा भार त्याच्यावरच येतो.
म्हणून या कामाला भक्कम पुढच्या अ‍ॅक्सलचा फोर व्हील ड्राइव्ह सरस.

बकेट उचलली, की मागची चाकं हलकी होतात.
मागे वजन लावाच.
ट्रॅक्टर चालवताना बकेट जमिनीलगत ठेवा.
उतारावर उंच बकेट म्हणजे ट्रॅक्टर उलटण्याचा धोका.

पुन्हा सांगतो, आधी पुढचा अ‍ॅक्सल!

डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला किसान कृषी प्रदर्शन भरतं.
तिथे ट्रॅक्टरच्या सीटवर बसून पाहा.
रिव्हर्स गिअर सहज पडतो का?
लोडरच्या कामात दिवसभर पुढे-मागेच करायचं असतं.