नेमणुकीचे पत्र आणि कायद्याची दाद



तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रातपाळी यांवर ज्या बोईसरचा सारा दिवस बेतलेला असतो, तेथे नेमणुकीच्या पत्राचे मोल मी नव्याने सांगावयास नको. ते हाती पडताच तरुण जुन्या नोकरीचा राजीनामा देतो, भाड्याच्या खोलीचे डिपॉझिट भरतो, गावी वडीलधाऱ्यांना कळवितो. आणि मग रुजू होण्याच्या आदल्या दिवशी ‘आपली नेमणूक रद्द करण्यात आली आहे’ एवढ्याच मजकुराचा निरोप आला, तर त्याने दाद कोणाकडे मागावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

1872 च्या करार कायद्याचे म्हणणे या बाबतीत स्वच्छ आहे. प्रस्ताव करणाऱ्यास तो मागे घेता येतो, परंतु स्वीकृतीचे उत्तर रवाना होऊन स्वीकारणाऱ्याच्या हाताबाहेर जाईपर्यंतच. तदनंतर तो नुसता प्रस्ताव राहत नाही, करार होतो, आणि करार मोडणारा नुकसानभरपाईस पात्र ठरतो. मात्र पत्राच्या तळाशी बहुधा एक शर्त असते: सदर नेमणूक वैद्यकीय तपासणीच्या व पूर्ववृत्ताच्या पडताळणीच्या अधीन राहील. पुष्कळ तंटे या एका ओळीतून उद्भवतात, म्हणून मुंबई उच्च न्यायालयातील एक खटला विस्ताराने सांगतो.

त्या खटल्यातील अर्जदाराचे नाव दप्तरात ‘एमएक्स’ एवढेच आहे आणि प्रतिपक्षाचे ‘झेडवाय’. कारण अर्जदाराची ओळख प्रकट झाली असती तर न्याय मिळूनही त्याला समाजात जगणे दुर्धर झाले असते. हा गृहस्थ एका सार्वजनिक महामंडळातला हंगामी मजूर. कित्येक वर्षे राबल्यावर त्याला कायम करण्याची वेळ आली, वैद्यकीय तपासणी झाली, आणि रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळला. प्रकृती धडधाकट होती, काम तो पूर्वीसारखेच करू शकत होता; तथापि यादीतून त्याचे नाव कमी झाले आणि हातचे कामही गेले. 1997 साली न्यायालयाने निर्णय दिला की, जो मनुष्य काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना धोका नाही, त्याला केवळ या संसर्गाच्या सबबीवर नोकरी नाकारणारा नियम मनमानीचा असून संविधानाच्या 14 व्या व 21 व्या अनुच्छेदांशी विसंगत आहे; आणि त्यामुळे महामंडळावर काही आर्थिक भार पडणार असेल, तर तो व्यापक लोकहितासाठी त्याने सोसला पाहिजे. हे शेवटचे वाक्य मला विशेष मोलाचे वाटते, कारण खर्चाची सबब पुढे आली की भल्याभल्यांची न्यायबुद्धी डळमळते.

अशाच वैद्यकीय तपशिलावरून उभ्या राहिलेल्या, याआधीच्या एका प्रकरणात 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळातील एका परिवीक्षाधीन स्त्रीला पुन्हा सेवेत घेण्याचा हुकूम दिला होता. गर्भारपणाची माहिती दडविल्याचा ठपका तिच्यावर होता. पण ज्या नमुन्यात मासिक पाळीचा तपशील विचारला होता, तो नमुनाच न्यायालयाला लाजिरवाणा वाटला, व ते रकाने काढून टाकणे बरे, असे त्याने सुचविले.

येथे कोणी म्हणेल, हे सारे सरकारी महामंडळांचे झाले. आक्षेप यथार्थ आहे. 14 वा अनुच्छेद शासनसंस्थेस बांधतो, खासगी कारखानदारास नव्हे. एचआयव्हीपुरती ही उणीव 2017 च्या कायद्याने भरून काढली; 10 सप्टेंबर 2018 पासून नोकरीसाठी त्या विषाणूच्या चाचणीची पूर्वअट खासगी मालकालाही घालता येत नाही. इतर बाबतींत मात्र रुजूच न झालेल्या उमेदवारास खासगी मालकाच्या गळ्यात नोकरी घालता येत नाही, कारण व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालये सहसा सक्तीने पाळावयास लावीत नाहीत. त्याच्या वाट्यास दिवाणी दावा आणि भरपाई एवढेच येते. ती भरपाईही पुष्कळदा नोटिशीच्या मुदतीच्या पगाराइतकीच धरली जाते.

हे माप मला अपुरे वाटते. करार कायद्याच्या 73 व्या कलमात, करार करतेवेळी उभय पक्षांना ज्या नुकसानीची संभाव्यता ज्ञात होती, तिचाही समावेश आहे. आपल्या कारखान्यांतून उमेदवाराकडे पहिल्या दिवशी कोणता कागद मागतात? जुन्या मालकाचे रिलीव्हिंग लेटर. ते ज्याने स्वतः पत्रात मागितले, त्याला हा तरुण हातची नोकरी सोडून येणार हे ठाऊक नव्हते, असे न्यायाधीशापुढे म्हणता येणार नाही. आणि म्हणून त्या सुटलेल्या नोकरीचा पगार, दुसरी मिळेपर्यंतच्या वाजवी मुदतीपुरता, भरपाईच्या हिशेबात धरला गेला पाहिजे.