हंगामाची पहिली कुस्ती

पावसाळा सरला, शाळा-महाविद्यालयांची पहिली सत्रे मार्गी लागली, की आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे वारे वाहू लागते. त्यात कुस्तीचा सामना बहुधा आधी येतो. यंदा आमच्या महाविद्यालयाचा संघ घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आले. मी स्वतः पैलवान नाही. कुस्ती मी पाहिली आहे ती जत्रेतल्या फडावर, गर्दीत टाचा उंचावून. तरी मुलांची ने-आण, त्यांचे कागदपत्र, जेवणखाण आणि वेळेवर वजनाला उभे करणे एवढे आपल्याला जमेल, अशा समजुतीने मी होकार दिला. ती समजूत किती अपुरी होती, ते आज आपल्याला सांगणार आहे.

पुरुषांच्या फ्रीस्टाईल कुस्तीत 57 किलोपासून 125 किलोपर्यंत दहा वजनगट असतात. आमची आठ मुले उतरली. पाच जण पहिल्याच कुस्तीत बाद झाले, दोघे दुसऱ्या कुस्तीत गेले, आणि एकाने कांस्यपदक आणले. परत आल्यावर जो तो एकच विचारी, "किती पदकं?" एक म्हणताच समोरचा गप्प बसे. मला मात्र त्या एका पदकापेक्षा दोन पराभव अधिक आठवतात. आजचे बोलणे त्या दोन पराभवांविषयी आहे.

पहिला पराभव 74 किलोच्या मुलाचा. हा आमचा भरवशाचा गडी. गावोगावच्या जत्रांत मातीवर कुस्त्या मारलेला. ढाक लावावी तर त्यानेच, असा त्याचा लौकिक. तो मॅटवर आला, सवयीप्रमाणे खडाखडी करू लागला. समोरच्याने एकेरी पट काढून त्याला खाली घेतले, दोन गुण. मग कमरेला मिठी घालून भारंदाज डावावर एकदा फिरवले, दोन गुण. पुन्हा फिरवले. आणखी फिरवले. चौथ्यांदा फिरवले तेव्हा फलक 10–0 झाला, पंचाने शिटी वाजवली आणि कुस्ती संपली. दीड मिनिटही झाले नव्हते. आमचा गडी उठून उभा राहिला आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, "सर, मी चीत कुठं झालो? पाठ लागलीच न्हाई माझी!"

त्याचे म्हणणे खरे होते. मातीतल्या कुस्तीचा न्याय सरळ आहे. दोन्ही खांदे मातीला लागले की निकाल. तोपर्यंत अर्धा तास झटापट चालो, खालचा पैलवान जिवंत आहे. गादीवरही दोन्ही खांदे टेकले की चीत हे आहेच. पण तिथे वाटेतल्या प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवतात. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवला, दोन गुण. त्याची पाठ मॅटकडे नव्वद अंशांहून अधिक झुकवली, दोन गुण. उचलून फेकले, तर चार किंवा पाच. वर्तुळाबाहेर पाय गेला, तर समोरच्याला एक. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. आणि दहा गुणांची आघाडी झाली, की उरलेल्या वेळाची वाट न पाहता विजय जाहीर. आमच्या मुलाला डाव सगळे येत होते. हा हिशेब त्याला कोणी सांगितला नव्हता. आमच्या तालमीचे वृद्ध वस्ताद दुसऱ्या दिवशी हे ऐकून म्हणाले, "माती डाव शिकवती सर, गादी हिशेब शिकवती. दोन्ही शिकायला पायजे."

येथे खाशाबा जाधवांची आठवण होणे साहजिक आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. 1948 साली कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा हा विद्यार्थी लंडनच्या ऑलिंपिकला गेला, तेव्हा तो मातीत वाढलेला होता. मॅटची सवय नव्हती, आंतरराष्ट्रीय नियम नवे होते. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाकडून तेथे जे शिकता आले ते शिकून तो फ्लायवेट गटात लढला आणि सहावा आला. सहावा म्हणजे पदक नाही. पण खाशाबांनी त्या सहाव्या क्रमांकाची लाज धरली नाही. तो जमेस धरला आणि पुढची चार वर्षे मेहनत केली. 1952 साली हेलसिंकीला त्यांनी बँटमवेट गटात, म्हणजे 57 किलोत, कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीच्या प्रवासखर्चाची अडचण आली, तेव्हा त्यांचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. आणि आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लंडनला खाशाबा ज्या वजनात लढले, हेलसिंकीला ते त्याच्या वरच्या वजनात लढले. बावीस वर्षांचा तरुण सव्वीस वर्षांचा झाला, आणि त्याचा गटही वर सरकला.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण दुसरा पराभव वजनाचा आहे, आणि त्याचा दोष माझा आहे.

आमच्याकडे 61 किलोत एक चांगला मुलगा आधीच होता. 57 किलोची जागा रिकामी होती. दुसऱ्या वर्षाला शिकणारा एक मुलगा साडेएकसष्ट किलोंचा होता. सामन्याला दहा दिवस होते. मी त्याला सहज विचारले, "57 ची जागा रिकामी आहे. उतरशील का?" मास्तरांनी विचारल्यावर आपल्याकडचा मुलगा नाही म्हणत नाही. तो म्हणाला, "उतरतो की सर."

आणि तो उतरला. कसा, ते मी पाहत होतो. आधी रात्रीचे जेवण बंद झाले. मग सकाळची भाकरी. शेवटचे दोन दिवस तो भर दुपारी दोन स्वेटर घालून मैदानाला चकरा मारत होता, आणि पाण्याने नुसती चूळ भरून टाकत होता. आदल्या रात्री त्याच्या वडिलांचा मला फोन आला. "सर, पोरगं चार दिस झालं भाकरीला शिवलं न्हाई. त्याची आई इचारती, हे पैलवानाचं घर हाय का उपासाचं?" मी त्यांना सांगितले, "काळजी करू नका, कुस्तीत हे चालायचंच." सकाळी काटा बरोबर 57 वर थांबला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला वाटले, काम फत्ते.

दुपारी त्याची कुस्ती लागली. पहिल्या तीन मिनिटांत त्याने समोरच्याला तीनदा खाली घेतले. फलकावर 6–0. आमची मुले ओरडू लागली. मग तीस सेकंदांची विश्रांती झाली आणि दुसरा डाव सुरू झाला. मुलगा तोच, पण पाय त्याचे नव्हते. समोरच्याने ताबा घेतला, दोनदा फिरवले, 6–6. शेवटच्या मिनिटाला पुन्हा ताबा, 6–8. मॅटवरून उतरताना त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि तो तिथेच बसला. ओठ पांढरे पडलेले. पाण्याचा घोट घेऊन तो एवढेच म्हणाला, "हातात ताकद हुती सर, पण पायच उचलंनात." हरल्याबद्दल तो माझी माफी मागू लागला. श्रोतेहो, त्या क्षणी माफी खरोखर कोणी कोणाची मागायला हवी होती, हे मला कळत होते.

त्यात काय घडले, ते समजावून घेऊ. आपल्या शरीराच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. आठ-दहा दिवसांत चार किलो कमी झाले, तर त्यातली चरबी थोडी. जाते ते मुख्यतः पाणी आणि स्नायूंत साठलेली शिदोरी. पाणी कमी झाले, की रक्त घट्ट होते आणि हृदयाला अधिक ओढावे लागते. घाम येईनासा झाला, की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. वजन दिल्यावर तांब्याभर पाणी आणि दोन केळी घेतली, म्हणजे ही तूट भरून निघाली, असे होत नाही. गडी तीन मिनिटे मनाच्या जोरावर लढतो. पुढची तीन मिनिटे शरीर आपला हिशेब मागते.

हा हिशेब कधी कधी प्राणावर बेततो. अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती फार मोठ्या प्रमाणावर चालते, आणि तिचाही हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. 1997 सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरात, हंगामाच्या अगदी आरंभी, तेथील तीन महाविद्यालयीन पैलवान वजन उतरवण्याच्या खटपटीत मरण पावले. रबरी कपडे घालून, कोंडलेल्या गरम खोलीत व्यायाम करून घाम काढण्याची तेथे प्रथा पडली होती. तीन तरुण दगावल्यावर तेथील नियम बदलले. रबरी कपड्यांना आणि घाम काढण्याच्या गरम खोल्यांना बंदी झाली. वजन घेण्याची वेळ कुस्तीच्या जवळ आणली, म्हणजे पाणी काढून पुन्हा भरण्याला सवडच राहू नये. आणि हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक पैलवानाचे किमान वजन ठरवून दिले. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घट चालणार नाही, असे बंधन घातले.

हा दीड टक्का आपण आपल्या मुलाला लावून पाहू. साडेएकसष्ट किलोंचा दीड टक्का म्हणजे सुमारे नऊशे ग्रॅम. साडेचार किलो उतरवायला, त्याच्या अंगावर तेवढी चरबी असती तरी, पाच आठवडे लागले असते. मी त्याला दहा दिवस दिले होते. आणि चरबी तर त्याच्या अंगावर नव्हतीच. रानात राबणारा मुलगा तो.

वजनाचा काटा किती निष्ठुर असतो, हे आपण सर्वांनी 2024 च्या ऑगस्टमध्ये पाहिले. पॅरिसला विनेश फोगाट 50 किलोच्या अंतिम कुस्तीपर्यंत पोहोचली आणि त्या सकाळी 100 ग्रॅम वजन अधिक भरल्याने बाद झाली. सारा देश हळहळला. पण त्या रात्री आपण शंभर ग्रॅमविषयी जेवढे बोललो, तेवढे आपल्या गावच्या तालमीत पाणी तोडून बसलेल्या पोरांविषयी अजून बोललेलो नाही.

म्हणून परत आल्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. त्यांना पैसा लागत नाही, आणि कोणत्याही खेड्यातल्या शाळेला त्या करता येतील.

पहिली गोष्ट हिशेबाची. मॅट महाग आहे. ती प्रत्येक गावात आज येणार नाही. पण मॅटवरचे वर्तुळ नऊ मीटर व्यासाचे असते, ते मैदानावर फक्कीने आखता येते. तालमीतल्या मातीवर किंवा भुसभुशीत केलेल्या जागेवर असे वर्तुळ आखावे. एका मुलाच्या हाती घड्याळ द्यावे, दुसऱ्याच्या हाती पाटी. तीन मिनिटे, अर्धा मिनिट, पुन्हा तीन मिनिटे. ताबा घेतला की पाटीवर दोन, वर्तुळाबाहेर गेला की एक. मुले गुण मोजू लागली, की लढण्याची रीत आपोआप बदलते. आमचा 74 किलोचा गडी आता खडाखडीत वेळ दवडत नाही. त्याच्या ढाकेला वस्तादांनी हात लावलेला नाही. ती त्याची आहे, ती राहील.

दुसरी गोष्ट वजनाची. एक वही घातली आहे. दर सोमवारी सकाळी, एकाच काट्यावर, प्रत्येकाचे वजन त्यात लिहितो. काटा शाळेत नसेल, तर आरोग्य केंद्रात असतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी सहा आठवडे कोण कोणत्या गटात लढणार हे वही पाहून ठरते. जागा रिकामी राहिली तर राहू द्यायची. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन वाढले, तर तो वरच्या गटात जाईल. तेथे तो हरेलही. पण आपल्या पूर्ण ताकदीनिशी हरेल, आणि त्या हरण्यातून त्याला काही शिकता येईल. उपाशी हरलेल्याला आपण का हरलो, हे कळतच नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता मुलीही तालमीत उतरू लागल्या आहेत. हे सारे त्यांनाही तितकेच लागू आहे. हंगामाच्या पहिल्या सामन्याहून संघ परत आला, की पदके किती हे अवश्य विचारा. पण त्यानंतर मुलांना जवळ बसवून आणखी एक विचारा: काल रात्री जेवला होतास का?

तो मुलगा अजून आमच्या संघात आहे. पुढच्या सामन्याला 61 ची जागा कोणाची, हे दोघांत कुस्ती लावून ठरवले. त्यात तो हरला, म्हणून त्या सामन्याला तो लढला नाही. घड्याळ आणि पाटी घेऊन माझ्याशेजारी बसला होता. सकाळी वजने झाल्यावर त्याने पिशवीतून फडके काढले. आईने सर्वांसाठी भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. पहिली त्याने माझ्या हातावर ठेवली.