मोठ्या आतड्यालगतची पाण्याची गाठ : हायडॅटिड विकाराचे निदान व उपचार

(संस्थेच्या वार्षिक सभेत शल्यचिकित्सा विभागातर्फे केलेले भाषण)



आज आम्ही आपल्यासमोर हायडॅटिड, म्हणजेच परजीवी कृमीमुळे होणाऱ्या पाण्याच्या गाठीविषयी बोलणार आहोत. ती मोठ्या आतड्यालगत क्वचितच आढळते. परंतु निदान चुकल्यास साध्या वाटणाऱ्या गाठीचे रूपांतर आयुष्यभराच्या दुखण्यात होऊ शकते.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शौचाच्या तपासणीच्या अहवालात ‘अमीबाच्या सिस्ट’ असे लिहिलेले असते आणि तो शब्द वाचून रुग्ण धास्तावतात. त्या सिस्ट मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढ्या असतात व केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. त्या संसर्गावर गोळ्यांनी उपचार होतो. हायडॅटिडची गाठ मात्र लिंबाएवढी असू शकते, तशी नारळाएवढीही होऊ शकते.

हिचे मूळ एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाच्या कृमीत आहे. अवघ्या काही मिलिमीटर लांबीचा हा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून माती, पाणी व भाजीपाल्यावर पडतात. शेळ्या, मेंढ्या, गुरे ती चाऱ्याबरोबर गिळतात आणि त्यांच्या यकृत-फुप्फुसांत गाठी होतात. अशी आतडी-काळीज कुत्र्याने कच्चे खाल्ले की चक्र पूर्ण होते. मनुष्य या चक्रात अपघातानेच शिरतो. न धुतलेले हात आणि दूषित अन्न हे त्याचे मार्ग होत.

पोटात गेलेल्या अंड्यातून बाहेर पडलेला अंकुर आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे प्रथम यकृतात पोहोचतो. त्यामुळे बहुसंख्य गाठी यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसांत आढळतात. मोठ्या आतड्याच्या भिंतीतच मूळ गाठ असणे अत्यंत दुर्मीळ. अधिक वेळा यकृतातील गाठ फुटून तिचे बीज उदरपोकळीत सांडते आणि पुढे आतड्यालगत वा ओटीपोटात नव्या गाठी धरतात. वाढ संथ असल्याने वर्षानुवर्षे त्रास जाणवत नाही. पुढे पोटात जडपणा, बद्धकोष्ठता, लघवीस अडथळा किंवा हाताला लागणारा गोळा अशा तक्रारी उद्भवतात. स्त्रियांमध्ये ही गाठ बीजांडकोशाची समजली जाण्याचा संभव असतो.

म्हणूनच निदानात संशय हे आमचे पहिले साधन आहे. शेळ्या-मेंढ्या किंवा कुत्र्यांशी संबंध आला होता काय, हा प्रश्न पोटातील प्रत्येक पाणीदार गाठीच्या रुग्णास विचारावयास हवा. सोनोग्राफीत गाठीच्या आत लहान गाठी किंवा सुटलेला पडदा दिसल्यास निदान बळकट होते. सी. टी. स्कॅनमुळे गाठीची जागा व संख्या निश्चित होते. रक्ततपासणी साहाय्यभूत ठरते. मात्र ती नकारात्मक आली म्हणून विकार नाही असे म्हणता येत नाही. संशय असताना पूर्वतयारीवाचून गाठीत सुई घालू नये. आतील द्रव सांडल्यास तीव्र अ‍ॅलर्जीने रुग्णाच्या जिवास धोका पोहोचू शकतो आणि विकारही पोटभर पसरू शकतो.

उपचार गाठीची अवस्था, आकार व जागा पाहून ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये सोनोग्राफीवर आधारित वर्गीकरण प्रसिद्ध केले, ते येथे मार्गदर्शक ठरते. लहान गाठींना काही महिने अल्बेंडाझोल पुरेसे होऊ शकते. या काळात यकृताची व रक्तपेशींची तपासणी वेळोवेळी करावी लागते. यकृतातील निवडक गाठी सुईने रिकाम्या करता येतात. निष्क्रिय, चुनखडी धरलेल्या गाठींवर केवळ लक्ष ठेवले तरी चालते. आतड्यावर दाब आणणाऱ्या मोठ्या गाठीस शस्त्रक्रिया लागते. त्या वेळी भोवतालचा भाग तीव्र मिठाच्या द्रावणात भिजवलेल्या कापडांनी झाकून, एक थेंबही न सांडता गाठ काढावयाची असते. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतरही अल्बेंडाझोल दिले जाते.

आणि येथेच खरी कसोटी सुरू होते. टाके निघाले की रुग्ण स्वतःस बरा समजतो. गाठ मात्र काही वर्षांनीही पुन्हा उद्भवू शकते. म्हणून दीर्घकाळ सोनोग्राफी आवश्यक असते. वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या, मेंढरांमागे गाव सोडणाऱ्या कुटुंबास त्यासाठी रोजगार बुडवून येणे परवडत नाही. शस्त्रक्रियेसाठी देणगी देणारे हात पुढे येतात. गोळ्या, तपासणी व एस. टी. भाड्याचा खर्च मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही. तो अपुरा राहिल्यास शस्त्रक्रियेचे श्रमही वाया जाऊ शकतात. यासाठी स्वतंत्र निधी उभारावा, अशी आमची विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे.

हा विकार टाळता येतो. आइसलँडमध्ये एकेकाळी तो घरोघरी होता. १८६० च्या दशकात डॅनिश शास्त्रज्ञ हॅराल्ड क्राबे यांनी सामान्यजनांसाठी त्याविषयी पुस्तिका लिहिली. लोकशिक्षण व कुत्र्यांविषयीच्या नियमांमुळे पुढे तो देश या विकारातून मुक्त झाला. आपणही कापलेल्या जनावराचे टाकाऊ अवयव कुत्र्यांना न घालता खोल पुरावेत, कुत्र्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित जंतनाशक द्यावे, भाजी व हात स्वच्छ धुवावेत.

शल्यचिकित्सकाची सुरी एका रुग्णाची गाठ काढते. खेड्यातील एक शहाणी सवय अनेकांची गाठ होऊच देत नाही. या दोन्ही कामांत आपले साहाय्य असेच लाभत राहो, ही प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.