गाडी म्हणजे कपाट नव्हे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



बदलीचं पत्र हातात पडलं की घरात दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे पुठ्ठ्याची खोकी जमवणं, आणि दुसरी म्हणजे 'हे कशाला न्यायचं' हा वाद. २०२२ च्या मे महिन्यात आमच्याकडेही हेच चाललं होतं. यजमानांची बदली पुण्याहून जयपूरला झाली होती. घरसामान ट्रकने जाणार होतं, आम्ही रेल्वेने, आणि आमची लहानशी मोटार ट्रेलरवर चढून. हमरस्त्यावर आपण पाहतो ना, आठ-दहा गाड्या दोन मजल्यांवर पाठीवर घेऊन जाणारं लांबलचक वाहन, त्यातून.

खोकी भरून झाली तरी सामान उरलं. ते नेहमीच उरतं. मग माझं लक्ष अंगणातल्या गाडीकडे गेलं. नाही तरी ती रिकामीच जाणार! डिकीत उशा-गाद्या गेल्या, मागच्या सीटवर पुस्तकं, पायाशी कुकर. जागा फुकट जाऊ देणं आपल्या रक्तातच नाही. शेवटी मी माझ्या वडिलांची एक वस्तू आणली. ते घड्याळं दुरुस्त करत. त्यांचा चिमटा, बारीक पेचकस आणि डोळ्याला लावायचं भिंग एका चामड्याच्या गुंडाळीत होतं. ट्रकात धक्के बसतील, आपली गाडी ती आपली गाडी, असं म्हणून ती गुंडाळी मी पुढच्या सीटखाली सरकवली.

नऊ दिवसांनी गाडी जयपूरच्या घरापाशी आली. उशा होत्या, पुस्तकं होती, कुकर होता. गुंडाळी नव्हती.

गाडी आणून देणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. मी त्याला विचारलं. विचारलं म्हणजे काय, माझ्या आवाजात जे होतं ते त्याला बरोबर कळलं. तो काही बोलला नाही. त्याने खांद्यावरची पिशवी काढून रस्त्यावर उपडी केली. एक सदरा, पाण्याची बाटली, मोबाइलचा चार्जर. मग दोन्ही खिसे बाहेर काढले आणि म्हणाला, "मॅडमजी, देख लीजिए." समोरच्या घरातली माणसं गच्चीवरून बघत होती.

संध्याकाळी तक्रार लिहायला बसले आणि वाहतूकदाराचा कागद पुन्हा वाचला. त्यावर एक ओळ छापलेली होती : गाडीत कोणतंही वैयक्तिक सामान नाही. त्याखाली माझी सही होती.

श्रोतेहो, आज मला बोलायचं आहे ते या एका ओळीबद्दल. गाडी घराच्या फाटकाबाहेर जाऊन ट्रेलरच्या वाटेला लागली की ती आपलं कपाट राहत नाही. ती माल होते. आणि मालाचा नियम असा की कागदावर जे नाही, ते नाहीच.

आपल्याकडे रस्त्यावरच्या मालवाहतुकीसाठी २००७ चा कायदा आहे. तो २०११ पासून लागू झाला आणि त्याने १८६५ सालचा जुना कायदा मोडीत काढला. माल पाठवणाऱ्याने एक पत्रक भरून त्यात माल काय आहे आणि किमतीचा किती आहे हे सांगायचं, आणि वाहतूकदाराने पावती द्यायची, अशी त्यात व्यवस्था आहे. या पावतीला धंद्यात बिल्टी म्हणतात. नुकसान झालं तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते, आणि तीही आपण जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. म्हणजे भाडं १५,००० रुपये असेल, तर दीड लाखापर्यंत. यापेक्षा जास्त जोखीम वाहतूकदाराने घ्यायला हवी असेल, तर जास्त किंमत आधी लिहून द्यावी लागते आणि दरही जास्त पडतो. दावा लावायचा, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. आता सांगा, ज्या गुंडाळीचं नावच पत्रकात नाही, तिच्यासाठी मी कसली नोटीस देणार?

"पण गाडीचा विमा आहे की!" असं पुष्कळजण म्हणतात. आहे. गाडीच्या नेहमीच्या सर्वंकष विम्यात गाडी रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेली जात असतानाचं नुकसानही धरलेलं असतं. पण ते गाडीचं आणि तिला बसवलेल्या साधनांचं. सीटखालच्या गुंडाळीचं नव्हे, डिकीतल्या गाद्यांचंही नव्हे. खासगी वस्तूंसाठी वेगळी जोड घ्यावी लागते, आणि तिच्याही अटी वाचाव्या लागतात.

झालं ते पैशांचं. वाहतूकदार सामान का नको म्हणतात, त्यामागे साधी कारणंही आहेत. ट्रेलरवर गाडी उताराच्या फळीवरून चालवत चढवतात. डिकी जड असली की गाडीची मागची बाजू बसते आणि पोट फळीला घासतं. वरच्या मजल्यावर गाडी तिरकी उभी करून चाकं पट्ट्यांनी आवळतात. चाकं जागची हलत नाहीत, पण आतलं सामान हलतं. सुटा कुकर शेकडो किलोमीटर इकडून तिकडे आपटत गेला, की काच तरी जाते नाही तर दाराचं अस्तर. शिवाय उन्हात उभी असलेली बंद गाडी म्हणजे भट्टी. अंगावर मारायच्या सुगंधी फवाऱ्याच्या डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नये असं छापलेलं असतं. मे महिन्यात बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते. लायटर, छोटा गॅस सिलिंडर, रंगाचे डबे, रॉकेल यांना तर थाराच देऊ नये. लोणच्याची बरणीही नको. तेल एकदा सीटमध्ये मुरलं की पुढची मालकीण बदलेपर्यंत वास जात नाही.

आणखी एक. पुण्याहून जयपूरला जाणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गुजरातमधून जातो. तिथे दारूबंदी आहे. शेजाऱ्यांनी निरोप म्हणून दिलेली नाशिकच्या वाइनची बाटली आम्ही डिकीत ठेवणार होतो. यजमानांना वेळेवर आठवलं म्हणून राहिली. नाही तर आमच्या एका बाटलीपायी ट्रेलरचा चालक आणि बाकी सगळ्यांच्या गाड्या नाक्यावर अडकल्या असत्या. बिहारमध्येही २०१६ पासून बंदी आहे, तेव्हा गुवाहाटीकडे गाडी पाठवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. नव्या कोऱ्या वस्तूंचंही तसंच. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीच्या ई-वे बिलातून सूट आहे, पण खोकंही न उघडलेल्या टीव्हीला 'वापरलेलं' कसं म्हणणार?

मग करायचं काय? गाडी रिकामी करायची. अगदी डॅशबोर्डचा कप्पासुद्धा. नोंदणीची, विम्याची मूळ कागदपत्रं आपल्याबरोबर ठेवायची, वाहतूकदाराला प्रती द्यायच्या. स्टेपनी, जॅक आणि पान्हे गाडीचेच असतात, ते राहू द्यावेत, पण यादीत लिहून घ्यावेत. इंधन थोडंच ठेवावं. गाडीचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढावेत, किलोमीटरचा आकडा टिपावा, जुने ओरखडे कागदावर नोंदवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. गाडी मिळाल्यावर सही करण्याआधी हाच कागद हातात घेऊन पुन्हा बघावं. काही वाहतूकदार डिकीत थोडं हलकं सामान चालवून घेतात. तसं असेल तर ते तोंडी नको, लेखी हवं. आणि त्यात पांघरुणं, उशा असंच काही असावं, जे गेलं तर एक दिवस हळहळ वाटेल, जन्मभर नाही.

जे जन्मभर पुरायचं आहे, ते आपल्या मांडीवर ठेवून न्यावं.

हे सगळं मी आज शहाणपणाने सांगते आहे, पण मला खरी टोचणी निराळीच आहे. आमची गाडी पुण्यातल्या घरापासून जयपूरच्या घरापर्यंत किती हातांतून गेली ते मी नंतर मोजलं. पुण्यात नेणारा एक, आवारात ठेवणारा एक, ट्रेलरवर चढवणारा, ट्रेलरचा चालक, जयपूरला उतरवणारा आणि शेवटी तो मुलगा. किमान सहाजण. किल्ली प्रत्येकाकडे होती. घ्यायची तर कोणीही घेतली असती. कदाचित कोणी घेतलीही नसेल. घाईत मीच शेवटच्या क्षणी ती दुसरीकडे ठेवली का, हेही आज मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. गुंडाळी आजपर्यंत सापडलेली नाही.

पण संशय मात्र एकावरच आला. जो समोर होता आणि ज्याच्या हातात त्या क्षणी किल्ली होती, त्याच्यावर. यादी असती तर मला विचारण्याचा हक्क होता आणि त्याला उत्तर देण्याची सोय होती. पुण्यात गाडी ताब्यात घेतानाच 'गुंडाळी आहे' किंवा 'नाही' असं कोणीतरी लिहिलं असतं. मी 'काही नाही' असं लिहून दिलं, आणि जे नव्हतंच त्याचा जाब एका मुलाला भर रस्त्यात विचारला. वडिलांच्या दुकानात घड्याळ आलं की ते आधी गिऱ्हाइकासमोर मागचं झाकण उघडून, आत काय आहे ते चिठ्ठीवर लिहून देत. "उद्या तुमचाही माझ्यावर संशय नको, माझाही तुमच्यावर नको," असं म्हणत. त्यांची हत्यारं मी जपून न्यायला निघाले आणि त्यांची ही सवय मात्र घरीच विसरले.

त्या मुलाचं नावही मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाहतूकदाराच्या कचेरीत फोन करून माझी तक्रार नाही एवढं कळवलं. ते त्याच्यापर्यंत पोचलं असेल, अशी आशा आहे.

तेव्हा तुमच्या घरी बदलीचं पत्र येईल, गाडी ट्रेलरवर चढायची असेल आणि डिकीतली रिकामी जागा तुम्हाला खुणावू लागेल, तेव्हा ती जागा रिकामीच जाऊ द्या.