हजाराची देणगी, पावती कितीची?



पूर्वी रोहण्यासारख्या गावातून एखाद्या संस्थेला शंभर रुपये पाठवायचे, तर पोस्टात जाऊन मनिऑर्डर करावी लागे. वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन. खिडकीवर एकशे पाच रुपये मोजायचे आणि संस्थेची पावती यायची शंभराची. वरचे पाच पोस्टाचे, याबद्दल कुणाला शंका नसे.

आता मोबाइलवरून देणगी देता येते. मात्र तिथे पैसे बहुधा आतून कापले जातात. समजा, रोहण्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी क्रेडिट कार्डाने संस्थेला १००० रुपये दिले. संस्थेच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचे शुल्क दोन टक्के धरू. झाले २० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३ रुपये ६० पैसे. संस्थेच्या खात्यात जमा झाले ९७६ रुपये ४० पैसे.

मग पावती कितीची? हजाराचीच. गुरुजींनी हजार दिले. २३ रुपये ६० पैसे हा संस्थेचा खर्च, तो तिने आपल्या वहीत खर्चाच्या बाजूला लिहावा. पण हेच शुल्क देणगीव्यतिरिक्त वेगळे आकारले, तर ती सेवेची किंमत झाली. जुन्या मनिऑर्डरच्या कमिशनसारखी. तिच्यावर सवलत नाही.

सवलतीचा हिशेबही समजून घेऊ. १९६१ च्या आयकर कायद्यात ती कलम ८०-जीमध्ये होती. २०२५ च्या कायद्यात, १ एप्रिल २०२६ पासून, ती कलम १३३ मध्ये आली. बहुतेक मान्यताप्राप्त संस्थांच्या देणगीवर निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. तीही ठरावीक मर्यादेत आणि जुनी करप्रणाली निवडली तरच. म्हणजे वीस टक्के कर भरणाऱ्या गुरुजींचे हजारामागे शंभरेक रुपये वाचतात. पावती चुकून ९७६ रुपये ४० पैशांची झाली, तर त्यांचे नुकसान जेमतेम अडीच रुपयांचे. संस्थेचे मात्र प्रत्येक हजारामागे साडेतेवीस रुपये जातात. अशा शंभर देणग्या आल्या, की २३६० रुपये! लहान संस्थेत तेवढ्यात औषधे येतात, वह्या येतात.

म्हणून देणगी कशी पाठवता, याला महत्त्व आहे. बँक खात्यातून थेट यूपीआयने केलेल्या व्यवहारावर आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क शून्य करण्यात आले. संस्थेचा स्वतःचा क्यूआर कोड किंवा खाते क्रमांक मागून घ्या. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देऊ नका. तशा देणगीवर सवलत मिळत नाही. तुरीचे पोते दिले तर पुण्य लाभेल, पण आयकरात ते धरत नाहीत, कारण सवलत पैशाच्या देणगीलाच आहे. पावती घेताना पॅन क्रमांक जरूर द्या. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने देणगीदारांचे विवरण आयकर खात्याला देऊन प्रमाणपत्र द्यायचे असते. तिथली रक्कम आणि तुमची रक्कम जुळली नाही, तर सवलत अडते.

आपल्या वर्धा जिल्ह्यात १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठसेवा उभी केली. पवनारच्या विनोबांनी १९५१ पासून देशभर भूदान मागितले. दानाचे संस्कार आपल्याकडे जुनेच आहेत. आता देताना एवढेच विचारा : यातले पोचणार किती?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)