उन्हात ठेवलेले सेल

लहानपणी आमच्या रेडिओचा आवाज बसला की अब्बा सेल काढून कौलांवर उन्हात ठेवायचे. ऊब लागली की सेल घटकाभर बोलायचे, मग कायमचे मुके व्हायचे.

पुन्हा भरता येणारी बॅटरी खरं तर जुनीच. १८५९ साली फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी शिशाची केली, १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियमची. घरगुती सेलपर्यंत ही सोय यायला मात्र कित्येक दशकं गेली.

नोकरी लागल्यावर मी निकेल-कॅडमियमचे चार सेल आणि चार्जर अब्बांना आणून दिला. काय त्यांचा आनंद! काही वर्षांनी ते सेल संपले, तेव्हा मीच ते उकिरड्यावर फेकले. त्या उकिरड्याचं खत आमच्या शेतात जायचं. कॅडमियम विषारी आहे, शरीरात साठून मूत्रपिंडं बिघडवतं, हे मला फार उशिरा कळलं.

१९८९ च्या सुमारास निकेल-मेटल हायड्राइडचे सेल बाजारात आले. त्यांत कॅडमियम नाही. पण नुसते ठेवले तरी ते उतरायचे. २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीने महिनोन्‌महिने चार्ज टिकवणारे सेल आणले आणि ती अडचणही बरीच सरली.

आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण सेल कचऱ्यात जायचा थांबतो तो आपल्या हातानं. माझ्या खिडकीत त्यासाठी एक बरणी आहे. तुम्हीही एक ठेवा.